गुरू चुकला, गणित टिकलं

नील्स बोर अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीत आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतो. पण त्याच्या वडिलांनीही एक मॉडेल मांडलं होतं, आणि ते थेट आपल्या छातीतलं होतं. ख्रिश्चन बोर, जन्म १८५५, कोपनहेगन. तिथल्याच विद्यापीठात ते शरीरक्रियाशास्त्राचे प्रोफेसर. त्यांना एकच प्रश्न छळत होता : श्वासातला ऑक्सिजन रक्तात जातो तरी कसा, आणि ते आकड्यांत बसवता येईल का?

१८९१ मध्ये त्यांनी एक साधं समीकरण दिलं. आपण ५०० मिलिलिटर हवा आत घेतो, पण ती सगळी कामाला येत नाही. काही नाक-घसा-श्वासनलिकेतच अडकते आणि तशीच बाहेर पडते. ही वाया जाणारी जागा मोजायची कशी? बोर यांचा तर्क असा की बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड फक्त वायुकोशांतून येतो, नळीतली हवा तो फक्त पातळ करते. समजा, वायुकोशात त्याचा दाब ४० आहे आणि सोडलेल्या श्वासात सरासरी २८. म्हणजे ४० मागे १२ ची घट, ३० टक्के. ५०० पैकी १५० मिलिलिटर वाया! चिरफाड न करता, नुसत्या भागाकारावर. आजही आयसीयूमध्ये हा हिशोब होतो तो याच समीकरणाच्या आधारावर.

१९०४ चा बोर इफेक्ट तर बायोलॉजीवाल्यांना पाठच असेल. कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं. त्या पेपरवर बोर यांच्यासोबत हॅसलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोग ही नावं होती. यातला क्रोग लक्षात ठेवा.

कारण गोची पुढे आहे. बोर यांच्या काही मोजमापांत रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा जास्त आला. नुसत्या विसरणानं हे शक्यच नाही, उताराचं पाणी चढावर कसं जाईल? मग त्यांनी ठरवलं की फुप्फुस ग्रंथीसारखं ऑक्सिजन रक्तात ढकलतं. हे अगदीच हवेतलं नव्हतं हं. माशांच्या हवेच्या पिशवीत ऑक्सिजन खरंच असा सोडला जातो, आणि बोर यांनी त्यावरही काम केलं होतं. १९०९ मध्ये त्यांनी आणखी एक गणित मांडलं. केशवाहिनीतून रक्त पुढे सरकतं तसा ऑक्सिजन भरत जातो आणि दाबातला फरक कमी होत जातो. म्हणून वाटेचे बारीक बारीक तुकडे करून बेरीज करायची, म्हणजेच इंटिग्रेशन. उत्तर आलं की जोरदार श्रमात विसरण पुरणार नाही.

क्रोगला हे पटेना. तो बोर यांचाच असिस्टंट. त्यानं आणि त्याची डॉक्टर बायको मारीनं हवेचा इवलासा बुडबुडा रक्ताच्या प्रवाहात ठेवून दाब मोजला. रक्तातला ऑक्सिजन दर वेळी हवेपेक्षा कमीच भरला. १९१० मध्ये सात पेपर एकदम आले. घरात त्यांना सात छोटे सैतान म्हणत! गाईडच्या विरोधात एक पेपर काढायचा तरी आपले हात थरथरतील. क्रोगनं मात्र गुरूला विरोध करावा लागतोय हे उघड लिहिलं, आणि या विषयात वीस वर्षांत झालेली प्रगती मुख्यतः बोर यांच्यामुळेच झाली, हेही.

३ फेब्रुवारी १९११ ला बोर अचानक गेले, छप्पन्नावा वाढदिवस अकरा दिवसांवर असताना. त्याच वर्षी नील्सनं डॉक्टरेटचा प्रबंध वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

१९१५ मध्ये मारीनं कार्बन मोनॉक्साइड अगदी थोडा मिसळलेली हवा लोकांना एका श्वासात घ्यायला लावली, आणि फुप्फुसाची विसरणक्षमता काढली. श्रमातसुद्धा ती पुरते, असं दिसलं. कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यांवरून ऑक्सिजनचं विसरण काढायची वाट बोर यांनीच १९०९ मध्ये दाखवली होती. चेस्ट फिजिशियन डीएलसीओ लिहून देतात ना, दहा सेकंद श्वास रोखायची टेस्ट, ती इथूनच आलीय.