पदव्यांच्या पाटीमागचे विषय : समाजशास्त्रांचे विद्यार्थी बाबासाहेब

बारावीचा निकाल लागला की कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ, ठाण्याचे वागळे इस्टेट इथल्या आपल्या वस्त्यांत एकच चर्चा सुरू होते. सायन्स, कॉमर्स, नाहीतर लगेच नोकरी लागेल असा एखादा कोर्स. मुलाने किंवा मुलीने समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचे म्हटले की घरातले गप्प होतात. आर्ट्स म्हणजे कमी मार्कांवाल्यांची सोय, हा समज इतका पक्का आहे की त्यावर कोणी वादही घालत नाही.

सामाजिक कामासाठी अशा घरांत जाणे होते तेव्हा समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. खाली पदव्यांची रांग असते : बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. ही रांग पोरांना तोंडपाठ असते. पण या पदव्या कोणत्या विषयांतल्या, असे विचारले तर बहुतेक जण वकिली एवढेच सांगतात. एम.एस्सी. आणि डी.एस्सी. ही अक्षरे पाहून काहींना बाबासाहेब सायन्सचे विद्यार्थी वाटतात. त्या दोन्ही पदव्या अर्थशास्त्रातल्या आहेत. शिकून मिळवलेल्या पदव्यांतली बार-अ‍ॅट-लॉ बाजूला ठेवली, तर बाबासाहेबांचे सारे उच्च शिक्षण सामाजिक शास्त्रांचे आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज एका विद्यार्थ्याचे चरित्र म्हणून पाहू या.

एल्फिन्स्टन ते न्यूयॉर्क

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे घरात पुस्तकाला मान होता. साताऱ्यातील शाळा, मग मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली आणि एल्फिन्स्टन हायस्कूल. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण अस्पृश्य विद्यार्थ्याला ती मुभा मिळाली नाही. म्हणून दुसरी भाषा फारसी घ्यावी लागली. याच शालेय वयात कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे पन्नास वर्षे चाललेल्या एका शोधाची सुरुवात त्या पुस्तकाने झाली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या टक्केवारीत मोजले तर चाळीससुद्धा भरत नाहीत. एल्फिन्स्टन कॉलेजात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर शिक्षण चालले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने अमेरिकेच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या अटीवर. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

तीन वर्षांत साठ अभ्यासक्रम

कोलंबियातील नोंदी पाहिल्या की हा विद्यार्थी काय शोधत होता ते कळते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रत्येकी एक. एकूण साठ.

शिक्षकही त्या काळातले अव्वल दर्जाचे. अर्थशास्त्रात एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्युई, समाजशास्त्रात फ्रँकलिन गिडिंग्ज, मानववंशशास्त्रात अलेक्झांडर गोल्डनवायझर. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. म्हणजे मुंबईत हा विषय शिकण्याची सोय होण्याआधीच आपल्या समाजातला एक तरुण तो परदेशात शिकून परतलाही होता. या काळात इकडे रमाई अत्यंत ओढगस्तीत संसार चालवत होत्या, हे विसरून चालणार नाही. शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे बाबासाहेब थोडे घरी पाठवत आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके विकत घेत.

१९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ होते. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

या निबंधाची मांडणी प्रत्येक बी.ए.च्या विद्यार्थ्याने समजून घ्यावी अशी आहे. जात कशाने टिकते, हा त्यांचा प्रश्न. उत्तर : जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमाने. पण एखाद्या गटाने स्वतःचे दार असे बंद केले की एक अडचण उभी राहते. गटातील लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा आधी वारला तर ती स्त्री बंधन ओलांडून बाहेर जाऊ शकते, किंवा गटातल्या दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा पुरुष घेऊ शकते. म्हणून तिला नवऱ्याबरोबर जाळायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको आधी वारली तर पुरुषाला जाळता येत नाही, कारण सत्ता त्याच्याकडे आहे. मग त्याला लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा म्हणजे जातीचे दार बंद ठेवण्याच्या कड्या आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. हे दार पहिल्यांदा पुरोहित वर्गाने लावले. इतरांनी काही अंशी त्याचे अनुकरण केले, आणि काहींना बाहेर ठेवले गेल्यामुळे तेही आपापल्या जागी बंद झाले. जात कोणा एका मनूने हुकूम काढून निर्माण केली नाही, आणि ती ईश्वराची योजनाही नाही.

जातीचा चटका लहानपणापासून सोसलेल्या तरुणाने इथे स्वतःचा एकही अनुभव सांगितलेला नाही. अनुभवाला त्याने प्रश्नाचे रूप दिले आणि पुरावा तपासला. जातीचे मूळ स्त्रीवरील नियंत्रणात आहे, ही गोष्ट त्याच्या हाती लागली ती या शिस्तीमुळे. पुढे हिंदू कोड बिलात दिसणारे बाबासाहेब १९१६ च्या त्या निबंधातही दिसतात.

पदवी हातात, पण राहायला जागा नाही

१९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके महायुद्धात समुद्रात बुडाली. अटीप्रमाणे बडोद्यात नोकरीला गेले, तर राहायला घर मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तिथूनही जात कळताच हाकलले गेले. मुंबईत येऊन शेअर व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा सुरू केला, तोही जात कळल्यावर बसला.

हे सांगायचे कारण असे की पदवीमुळे सगळे सुरळीत होते, असे खोटे आश्वासन बाबासाहेबांचे चरित्र देत नाही. कोलंबियाची पदवी त्यांना जातीपासून वाचवू शकली नाही. पण जात ज्या यंत्रणेने चालते ती उघडून पाहण्याचे कसब त्यांच्याजवळ आले, आणि ते कोणी हिरावून घेऊ शकले नाही.

१९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतांचे तुकडे जोडले की शेती सुधारेल, असे तेव्हा बोलले जात होते. त्यांनी प्रश्न फिरवला. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, भांडवल कमी आहे आणि रिकामे हात भरपूर आहेत, हा खरा आजार. त्यावर औषध म्हणजे उद्योगीकरण. याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व का हवे, हे त्यांनी समाजशास्त्राच्या आधारे मांडले. ज्या गटांचा एकमेकांशी व्यवहार नाही, अनुभवांची देवाणघेवाण नाही, तिथे एकाने दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करणे शक्य नाही, हा त्यातला गाभा. ड्युई आणि गिडिंग्ज यांच्या वर्गात शिकलेले आता हक्कांच्या मागणीसाठी कामाला आले होते.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले. त्याच वर्षी साठवलेले पैसे आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळाली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपात आला आणि १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. हाती आली.

चाळीसगावचा टांगा

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. आजच्या भाषेत हे फील्डवर्क. एका गावात अस्पृश्यांवर घातलेल्या सामाजिक बहिष्काराची माहिती घेऊन परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला माणूस नाही. म्हणून कधीही टांगा न चालवलेला आपल्यातलाच एक जण बसला. पुलावर चाक आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

बहिष्काराचा अभ्यास करायला गेलेला संशोधक स्वतः बहिष्काराने जखमी झाला. वस्तीत सर्वेक्षण करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही घटना फार जवळची वाटते. ज्या समाजाचा अभ्यास करायचा त्याच समाजाचे आपण असतो, आणि त्याची किंमतही देत असतो.

शेवटच्या दशकातही हा विद्यार्थी थांबला नाही. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात, अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हा तेव्हाचा समज त्यांनी नाक-डोक्याच्या मोजमापांची आकडेवारी तपासून खोडून काढला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेली दीक्षाही त्यांच्या अभ्यासापासून वेगळी काढता येत नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते, ही तथागतांची रीत आणि सामाजिक शास्त्रांची रीत त्यांना एकमेकींच्या जवळ नेणारी वाटली असेल, तर नवल नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या घरातला प्रश्न

आई-वडिलांची चिंता खोटी नाही. घरभाडे, लोकलचा पास, लहान भावंडांची फी, या सगळ्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. बी.ए. झाल्यावर लगेच मोठा पगार हातात येत नाही, हेही खरे. ज्याला इंजिनिअर व्हायचे त्याने जरूर व्हावे. पण ज्या मुलीला आपली वस्ती अशी का आहे, सफाईच्या कामावर आपलीच माणसे का आहेत, असे प्रश्न पडतात, तिला हा अभ्यास कमी दर्जाचा म्हणून अडवू नका. तीन वर्षांची पदवी, पुढे समाजकार्य, मानसशास्त्र, शिक्षण, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा, संशोधन असे अनेक रस्ते आहेत. बार्टीची संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यांची माहिती पहिल्या वर्षीच करून घ्या.

आपल्याबद्दलचे अहवाल, आकडे आणि पुस्तके कोणीतरी लिहीतच राहणार आहे. ती लिहिणाऱ्यांत आपली मुले असतील की नाही, हे निकालानंतरच्या त्या आठवड्यात आपल्याच घरांत ठरते. येत्या जूनमध्ये मुलीने बी.ए.चे नाव काढले, तर भिंतीवरच्या पदव्यांची रांग तिच्याबरोबर एकदा विषयांसकट वाचा.

जय भीम!