हर्था एर्टन : चोकच्या आधीची गोष्ट

ट्यूबलाइटला चोक का लागतो? हा प्रश्न व्हायवाला हमखास विचारतात आणि आपण हमखास ठरलेलं उत्तर देतो, की सुरुवातीला हाय व्होल्टेज मिळावं म्हणून. उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं, की एकदा पेटलेली ट्यूब स्वतःला आवरू शकत नाही. वायूमधून करंट जितका जास्त जातो तितका तो वायू आणखी सहज वाहू देतो. ओहमचा नियम आपण आठवीपासून घोकला, इथे तो चक्क उलटा चालतो. म्हणजे ट्यूब सरळ मेनवर जोडली तर करंट वाढतच जाणार, फ्यूज उडेपर्यंत. तिला लगाम घालायला सिरीजमध्ये काहीतरी हवं. ते ‘काहीतरी’ म्हणजे बॅलास्ट, आपला चोक.

या उलट्या वागण्याचे नीट मोजमाप करून ते समीकरणात बसवणारी बाई आपल्या कुठल्याच टेक्स्टबुकमध्ये मला भेटली नाही. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी फक्त सेकंड लँग्वेज. शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

तिचे नाव हर्था एर्टन. जन्म 28 एप्रिल 1854, इंग्लंडमधल्या पोर्टसी गावी. जन्माचे नाव फीबी सारा मार्क्स. वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी. ते 1861 मध्ये गेले, घरात भावंडांची रांग, आई शिवणकाम करून घर चालवायची. नऊ वर्षांच्या साराला लंडनला मावशीच्या शाळेत पाठवले. सोळाव्या वर्षापासून ती शिकवण्या करून घरी पैसे पाठवू लागली. ‘हर्था’ हे नाव तिला ऑटिली नावाच्या मैत्रिणीने दिले आणि तेच कायम झाले.

बार्बरा बोडिशाँ या श्रीमंत आणि जिद्दी बाईने मदतीचा हात दिला, कादंबरीकार जॉर्ज इलियट यांचाही पाठिंबा मिळाला, आणि हर्था केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकायला गेली. 1880 मध्ये तिने परीक्षा दिली. पण केंब्रिज तेव्हा मुलींना डिग्री देत नसे. परीक्षा द्या, पास व्हा आणि घरी जा! (तिथे मुलींना पूर्ण डिग्री मिळू लागली ती थेट 1948 मध्ये.) मग तिने 1881 मध्ये लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. मिळवली. 1884 मध्ये रेषेचे समान भाग पाडणाऱ्या एका उपकरणाचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात विजेच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले. शिकवायला होते प्रोफेसर विल्यम एर्टन. हे सर 1868 मध्ये भारतातल्या तार खात्यात नोकरीला लागले होते, पुढे जपानमध्येही शिकवून आले होते. 1885 मध्ये दोघांचे लग्न झाले.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी रस्त्यावर, स्टेशनवर, मोठ्या हॉलमध्ये आर्क दिवे असत. दोन कार्बनच्या कांड्या, मध्ये थोडी फट आणि त्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाश. पण दिवा फार लहरी. मध्येच फुसफुसायचा, लुकलुकायचा, रंग बदलायचा. शिवाय डीसीवर चालणाऱ्या दिव्याला लगाम म्हणून सिरीजमध्ये रेझिस्टन्स घालावा लागे. हिशेब करून बघा. सप्लाय 110 व्होल्ट, आर्कला लागतात साधारण 50, म्हणजे उरलेले 60 व्होल्ट नुसते रेझिस्टन्स तापवण्यात जाणार. अर्ध्याहून जास्त वीज वाया! म्हणून दोन दिवे सिरीजमध्ये जोडून काटकसर करत. दिव्याची वीज वाचवण्याची खटपट ही अशी जुनी आहे.

1893 मध्ये एर्टन सर शिकागोच्या वीज परिषदेला गेले. आर्कवरचे प्रयोग त्यांचे होते, ते पुढे हर्थाने हातात घेतले. असे सांगतात, की सरांनी लिहिलेला निबंध घरातल्या मोलकरणीने शेगडी पेटवायला वापरला, आणि मग सगळे पहिल्यापासून करणे आले. ते केले हर्थाने. आधीच्या संशोधकांची रीडिंग एकमेकांशी जुळत नव्हती. हर्थाने पाहिले की कार्बनची टोके जळताना आकार बदलतात, आणि तो आकार स्थिर व्हायच्या आत घेतलेल्या रीडिंगला काही अर्थ नाही. म्हणून करंट किंवा अंतर बदलले की ती थांबायची. टोके जागेवर येईपर्यंत थांबायचे, मग मीटर वाचायचा. प्रॅक्टिकलला पंधरा मिनिटांत आठ रीडिंग उरकणाऱ्या आपल्या बॅचने हे वाचावे (आणि उरलेली दोन ‘अ‍ॅडजस्ट’ करणाऱ्यांनी तर जरूर वाचावे).

त्यातून तिला आर्कचे व्होल्टेज, करंट आणि फटीची लांबी यांना जोडणारे समीकरण मिळाले. करंट वाढला की व्होल्टेज किती उतरते हे आता आकड्यांत सांगता येऊ लागले. फुसफुसण्याचे कारणही तिनेच शोधले. करंट फार वाढला की वरच्या कार्बनचा तापलेला खळगा टोकावर मावत नाही, कडेला पसरतो, तिथे हवेतला ऑक्सिजन थेट लागतो आणि कार्बन जळू लागतो. व्होल्टेज एकदम सुमारे 10 व्होल्टने कोसळते. हवा बंद केली की फुसफुस बंद.

1899 मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेत तिने हा निबंध स्वतः वाचला. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री, आणि त्याच वर्षी ती संस्थेची पहिली स्त्री सभासद झाली. त्याच सुमारास एर्टन सरांचा विद्यार्थी डडेल याने आर्कला कॉइल आणि कंडेन्सर जोडून आर्ककडून चक्क सूर काढले! ज्या उलट्या गुणाला सगळे वैतागले होते, त्याचा उपयोग डीसीतून एसी बनवायला झाला.

इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट हेच काम सेमीकंडक्टरने करतो. मेनच्या 50 हर्ट्झवर करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, आणि दर वेळी वायूला जणू नव्याने पेटवावे लागते. 20 किलोहर्ट्झच्या वर गेलो की वायूला विझायला वेळच मिळत नाही. तेवढ्याच वॅटमध्ये साधारण दहा टक्के जास्त उजेड मिळतो, गुणगुण नाही, लुकलुक नाही. लोखंड-तांब्याच्या चोकसकट 40 वॅटची ट्यूब 50 ते 55 वॅट खाते, इलेक्ट्रॉनिकवर 35 च्या आसपास. समजा हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये अशा 100 ट्यूब रात्रभर दहा तास जळतात. वाचतील किमान 15 युनिट, एका रात्रीत! रस्त्यावरच्या मेटल हॅलाइड दिव्यांना मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. ठराविक फ्रिक्वेन्सीवर आतला वायू ध्वनीसारखा हलू लागतो आणि आर्क वाकडा होतो. म्हणून त्यांच्या बॅलास्टमध्ये सहसा कमी फ्रिक्वेन्सीचा स्क्वेअर वेव्ह वापरतात. आता सगळीकडे एलईडी आले, पण करंट आवरायला त्यांनाही ड्रायव्हर लागतोच.

हर्थाचे ‘द इलेक्ट्रिक आर्क’ हे पुस्तक 1902 मध्ये निघाले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या फेलोशिपसाठी तिचे नाव सुचवले गेले. सोसायटीने वकिलांचा सल्ला घेतला आणि विवाहित स्त्री फेलो होऊ शकत नाही असे ठरले. कामात खोट काढली नाही, लग्नात काढली. मला हे वाचून अजून राग येतो. 1906 मध्ये त्याच सोसायटीने तिला ह्यूज पदक दिले! पदक चालते, खुर्ची चालत नाही.

पुढचे थोडक्यात. समुद्रकाठच्या वाळूवर लाटांच्या नक्ष्या कशा उमटतात यावर तिने संशोधन केले. नवरा 1908 मध्ये गेला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत ती उतरली, उपोषणाने खचलेल्या कार्यकर्त्यांना स्वतःच्या घरी ठेवून त्यांची शुश्रूषा केली. मेरी क्युरी तिची जवळची मैत्रीण. पहिल्या महायुद्धात विषारी वायू खंदकाबाहेर हाकलायला तिने हाताने चालवायचा पंखा काढला. लष्कराने आधी टाळाटाळ केली, नंतर लाखावर पंखे आघाडीवर गेले.

26 ऑगस्ट 1923 रोजी ती वारली. रॉयल सोसायटीने पहिल्या दोन स्त्रियांना फेलो केले ते 1945 साली. त्याच्या वीस वर्षे आधी, 1925 मध्ये, गर्टन कॉलेजात हर्थाच्या नावाने संशोधनाची फेलोशिप सुरू झाली होती. पैसे दिले होते ऑटिलीने, तिला ‘हर्था’ म्हणणाऱ्या त्याच मैत्रिणीने.