पेटीने दिलेला धडा

जपानातील स्थापत्यविशारद ताचू नाइतो यांचा जन्म १८८६ साली झाला. अमेरिकेच्या प्रवासात सामान अधिक मावावे म्हणून त्यांनी पेटीतील कप्प्यांच्या फळ्या काढून टाकल्या. फळ्या होत्या तोवर शाबूत राहिलेली ती पेटी धक्क्यांनी मोडली! नाइतोंना उमगले, की नुसत्या खांब-तुळयांची इमारतही आडव्या हिसक्याने अशीच कलते. मध्ये काँक्रीटच्या भक्कम भिंती असल्या, म्हणजे त्या तो जोर पेलून पायापर्यंत पोचवितात.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकिओ-योकोहामा परिसरात प्रलयंकर भूकंप झाला. लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परंतु नाइतोंनी अशा भिंती घालून उभारलेली बँकेची इमारत जवळजवळ अभंग राहिली. १९७० साली नाइतो निवर्तले. तशा भिंती मात्र आजही जगभर माणसांचे प्राण राखीत उभ्या आहेत.