मिस मार्पलची जननी – अगाथा ख्रिस्ती

रहस्यकथा म्हटली की पोलीस, पिस्तूल आणि पाठलाग आपल्या डोळ्यांपुढे येतात. अगाथा ख्रिस्तीबाईंनी मात्र खुनी शोधण्याचे काम विणकाम करीत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईवर सोपविले.

बाईंचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ वर्षांपर्यंत मुलीला वाचायला शिकवू नये, असे आईचे मत. पण पाचव्या वर्षीच ती आपली आपण वाचू लागली. पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम करताना त्यांना विषांचे ज्ञान झाले. अनेक प्रकाशकांनी परत केलेली पहिली कादंबरी १९२० साली छापली गेली.

१९२६ साली आई वारली आणि पतीने घटस्फोट मागितला. डिसेंबरात बाई ११ दिवस नाहीशा झाल्या. अखेर हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. पदरी लहान मुलगी होती. त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

१९३० साली मिस मार्पल प्रथम कादंबरीत आली. बाईंच्या आजीच्या मैत्रिणींवरून ती घडली. गावातली माणसे न्याहाळून ती गुन्हेगाराचा स्वभाव ओळखते. १९४७ साली बाईंनी रेडिओसाठी लिहिलेल्या नाटिकेतूनच ‘माउसट्रॅप’ हे नाटक झाले. ते १९५२ साली रंगभूमीवर आले. १२ जानेवारी १९७६ रोजी बाई निवर्तल्या.

आपल्याही घरी वरांड्यात एखादी आजी गप्प बसलेली असते. तिला कोणी काही विचारीत नाही. आम्हांला वाटते, विचारून पाहावे. तिने बरेच काही पाहिलेले असते.