ध्वनीला दिशा देणारे ॲलन ब्लुमलाइन

फळ्याकडे तोंड करून लिहीत असतां मागें कोणी कुजबुजला, तर तो आवाज कोणत्या बांकावरून आला हें शिक्षकास वळून न पाहतांही समजतें. आमच्या विद्यार्थ्यांना याचें मोठें नवल वाटतें. पण यांत जादू कांहींच नाहीं. ज्या बाजूनें ध्वनि येतो त्या बाजूच्या कानास तो किंचित् आधीं व किंचित् मोठा ऐकूं येतो, आणि तेवढ्या भेदावरून मेंदू दिशा ठरवितो. दोन कानांचा हा व्यवहार यंत्रास शिकविणाऱ्या एका इंग्रज इंजिनियराचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

ॲलन डॉवर ब्लुमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजीं लंडनच्या हॅम्पस्टेड भागांत झाला. वडील जर्मनींत जन्मलेले, परंतु ब्रिटिश नागरिक झालेले होते. आई दक्षिण आफ्रिकेंत काम केलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. सातव्या वर्षीं या मुलानें घरच्या दारावरची बिघडलेली घंटा दुरुस्त केली व विद्युत् इंजिनियर या नात्यानें वडिलांपुढें बिल ठेवलें, अशी गोष्ट सांगतात. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना वाचन मात्र नीट येत नव्हतें, असेंही सांगतात. ज्या पालकांचा मुलगा पुस्तकापासून दूर पळतो त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. पण मुलांनीं त्याचा आधार घेऊं नये, कारण हेच ब्लुमलाइन पुढें लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजांतून पहिल्या वर्गांत पदवीधर झाले.

१९२४ सालीं ते टेलिफोनच्या धंद्यांत शिरले आणि १९२९ सालीं कोलंबिया ग्राफोफोन कंपनींत आले. त्या काळीं तबकडीवर खांच कोरण्याचें उत्तम यंत्र अमेरिकन पेटंटाखालीं होतें, व त्याबद्दल दर तबकडीमागें पैसे मोजावे लागत. ब्लुमलाइन यांनीं अगदीं निराळ्या तत्त्वावर नवें यंत्र तयार करून तो खर्च वांचविला.

१९३१ सालीं भावी पत्नीसह ते बोलपट पाहावयास गेले होते. पडद्यावरील नट एका कडेहून दुसऱ्या कडेस जाई, परंतु त्याचा आवाज एकाच कर्ण्यांतून, जागचा न हालतां येई. इतर प्रेक्षकांना त्यांत कांहीं खटकलें नाहीं. ब्लुमलाइन यांना खटकलें. त्याच वर्षीं कोलंबिया व ग्रामोफोन या कंपन्या मिळून ई. एम. आय. ही संस्था झाली होती. १४ डिसेंबर १९३१ रोजीं त्यांनीं पेटंटासाठीं अर्ज केला. त्यांत सत्तर कलमें होतीं. दोन मायक्रोफोन कसे मांडावे, दोन कर्ण्यांमधून ध्वनीचें स्थान कसें उमटवावें, एवढेंच नव्हे, तर एकाच खांचेच्या काटकोनांत असलेल्या दोन भिंतींवर डावा व उजवा असे दोन ध्वनि कसे कोरावे, हेंही त्यांत होतें. जानेवारी १९३४ मध्यें लंडनच्या ॲबी रोड येथें मोझार्टची ज्युपिटर सिंफनी याच पद्धतीनें मुद्रित करण्यांत आली. १९३५ सालीं हेझ स्टेशनावरून जाणाऱ्या आगगाड्यांचा लहानसा बोलपटही घेतला गेला. त्यांत गाडीबरोबर तिचा आवाजही सरकतो.

पुढें काय झालें? फारसें कांहींच नाहीं. कंपनीचें लक्ष दूरचित्रवाणीकडे लागलें आणि ब्लुमलाइनही त्याच कामास लागले. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनमध्यें बी. बी. सी. नें जी नियमित दूरचित्रवाणी सुरू केली तींत त्यांच्या विद्युत्-योजनांचा मोठा वांटा होता. पेटंटाची मुदत १९५२ सालीं संपली, आणि स्टीरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास घरोघर जाऊं लागल्या. त्या तबकडीची खांच मात्र १९३१ च्या कागदांतील होती.

आज एखादें कुटुंब दुकानांत जातें तेव्हां दोन स्पीकरांचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर घ्यावा कीं पांच-सात स्पीकरांचा होम थिएटर रिसीव्हर, हा प्रश्न उभा राहतो. त्याचें मूळ याच इतिहासांत आहे. दोन कर्ण्यांची युक्ति दोहोंच्या मध्यभागीं बसणारास पूर्ण फळ देते. बाजूस सरका, कीं मध्यें उभा वाटणारा गवई जवळच्या कर्ण्यांत जाऊन बसतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९३३ सालीं फिलाडेल्फियाचें वाद्यवृंद-संगीत तारेनें वॉशिंग्टनच्या सभागृहांत नेलें तेव्हां तिसरा, मधला कर्णा ठेवला होता. मोठ्या सभेंत सर्वांनाच मध्यें कसें बसवितां येणार? घरांतील मंडळी खोलीभर बसून चित्रपट पाहत असतील, तर संभाषणासाठीं मधला स्पीकर उपयोगी पडतो, व रिसीव्हर घेणें योग्य ठरतें. परंतु ज्यास मुख्यतः गाणें ऐकावयाचें आहे, त्यानें तेवढेच पैसे सात ठिकाणीं वांटण्यापेक्षां दोन चांगल्या स्पीकरांवर व एका चांगल्या ॲम्प्लिफायरवर खर्च करावे, असें माझें मत आहे.

महायुद्धांत ब्लुमलाइन रडारच्या कामीं लागले. अंधारांत व ढगांवरून खालची जमीन दाखविणाऱ्या एका यंत्राची परीक्षा चालली असतां, ७ जून १९४२ रोजीं त्यांच्या हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनास आग लागली व तें वेल्श बिक्नर गांवाजवळ कोसळलें. विमानांतील अकराही जण मृत्यु पावले. ब्लुमलाइन अवघे अडतीस वर्षांचे होते. मागें पत्नी व दोन लहान मुलगे राहिले. त्यांच्या नांवावर १२८ पेटंटें होतीं. यंत्र गुप्त असल्यामुळें या अपघाताची वार्ता युद्धकाळांत बाहेर फुटूं दिली नाहीं. ईलिंग येथील त्यांच्या घरावर स्मृतिफलक लागला तो १९७७ सालीं, आणि ॲबी रोडवर २०१५ सालीं.