खाशाबा जाधव : माती कोल्हापूरची, पण गुण कुणाचा?

पैलवान म्हटला की तो कोल्हापूर, सांगली नाहीतर साताऱ्याचा, असं आपण धरूनच चालतो. पेडणे किंवा डिचोलीतला एखादा पोरगा कुस्ती शिकायची म्हणाला, तर घरातलं जाणतं माणूस हमखास सांगणार की ते घाटावरच्या लोकांचं काम. तिथली माती वेगळी, पाणी वेगळं, दूध-तुपाचा खुराक वेगळा. आपण भात-मासळी खाणारी माणसं, आपल्याला फुटबॉल बरा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडेही थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतं. आणि पुरावा म्हणून जे नाव पहिलं घेतलं जातं ते खाशाबा जाधवांचं. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा माणूस कराडजवळच्या एका खेड्यातला निघाला, मग आणखी काय पाहिजे?

पण खाशाबांचं आयुष्य नीट बघितलं तर हा हिशेब एवढा सरळ बसत नाही.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा. पाच भावांत ते सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब पैलवान, आजोबाही पंचक्रोशीत नाव असलेले मल्ल. पाच वर्षांचं पोर बापाबरोबर आखाड्यात उतरलं. आता यात मातीचा गुण किती आणि घराचा किती, हे तुम्हीच ठरवा. त्या गावात, त्याच कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर वाढलेली बाकीची पोरं होतीच की. फरक एवढा की या घरात कुस्ती म्हणजे रोजचं जेवण होतं.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचं शिक्षण झालं. 1942 च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं ही कामं या शाळकरी पोरानं केली. पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली ते तयार झाले.

इथं कोल्हापूरविषयी थोडं सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथं आहे. कोल्हापूरची कुस्ती जमिनीतून उगवलेली नाही, ती लावलेली आहे. राजर्षी शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले आणि पुढची अठ्ठावीस वर्षं त्यांनी मल्लांना जे पोसलं, त्याला तोड नाही. 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं ते प्राचीन क्रीडागार बघून आले आणि खासबागचं मैदान बांधायला घेतलं. 1912 मध्ये ते खुलं झालं. उत्तरेतले, पंजाबातले मल्ल महाराजांनी पदरी ठेवले. तालमी उभ्या केल्या, मल्लांचा खुराक दरबारातून चालला. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं त्यानंतर महाराष्ट्रभर झाली. म्हणजे ज्याला आपण मातीचा गुण म्हणतो, त्यात एका राजाचा खजिना आणि दोन-तीन पिढ्यांचे वस्ताद मुरलेले आहेत.

आणि या तालमींत घडलेले सगळे कोल्हापूरचेच होते का? पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातले. शाहूपुरी तालमीत तयार झाले आणि 1959 मध्ये दिल्लीत हिंदकेसरीची गदा घेऊन आले. हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातले, गंगावेस तालमीत वाढले. अलीकडचा राहुल आवारे बीडच्या पाटोद्याचा. 2019 च्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळालं, तेव्हा दुष्काळी बीडच्या पाण्याचा गुण कुणी काढला नाही. पोरगं कुठलंही असो, ज्या गावात वस्ताद आहे तिथं ते गेलं पाहिजे आणि तिथं त्याला दोन वेळचं खायला मिळालं पाहिजे.

खाशाबांच्या बाबतीत तर त्यांच्याच मुलखानं त्यांना आधी नाकारलं होतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. राजाराम कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्यायला गेले तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून परत पाठवलं. पैलवान म्हणजे पहाडासारखा गडी, ही आपल्याकडची समजूत. जत्रेच्या फडात शेवटची मोठी कुस्ती असते ती जड जोडीची, इनामही तिलाच. हलका, चपळ मल्ल नारळाच्या किंवा दोन-चार रुपयांच्या कुस्तीत संपतो. खाशाबा नेमके असे हलके होते. प्राचार्य खर्डेकरांनी मध्ये पडून परवानगी दिली आणि या पोरानं आपल्यापेक्षा दणकट मल्लांना लोळवलं.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. वजनगट 52 किलोचा. लाल मातीत वाढलेला हा मल्ल पहिल्यांदा मॅटवर उतरला तो थेट तिथं. मातीत पाय रुततो, जोर लावायला आधार मिळतो, कुस्ती लांबली तरी चालते. मॅटवर पाय सुटतो, वेळ मोजलेली असते, गुण मोजलेले असतात. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली, तिकडं पाठ न टेकताही माणूस हरतो. लंडनमध्ये अमेरिकेच्या रीस गार्डनर या जाणत्या मल्लानं त्यांना या प्रकाराची ओळख करून दिली. एवढ्याशा तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं, इराणच्या मल्लापुढं मात्र त्यांची डाळ शिजली नाही. सहावा क्रमांक आला. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून फेकायचा. तो परदेशी लोकांनी तेव्हा पहिल्यांदाच बघितला असावा. डाव गावाकडचा, मॅट परक्याची, आणि पुढची चार वर्षं या दोघांची सांगड घालण्यात गेली.

1952 ला हेलसिंकीची वेळ आली तेव्हा अडथळे वाढले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणानं त्यांना मागं टाकण्यात आलं. अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांपर्यंत त्यांनी दाद मागितली. निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी त्यांना चितपट केलं. निवड झाली, पण पैशाचं काय? मुंबई राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे, म्हणजे मोरारजी देसाईंकडे, चार हजार रुपये मागितले. स्पर्धा झाल्यावर या, असं उत्तर मिळाल्याची हकीकत कराडकडे आजही सांगतात. शेवटी गोळेश्वरच्या लोकांनी आणि कराडच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. कुणी पैसे दिले, कुणी प्रवासाचा शिधा दिला. खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात सात हजारांत काय काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

मुलखाचा गुण म्हणायचाच असेल तर मी तो इथं म्हणेन. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य मिळणं आणि पैलवानाला परदेशी धाडायचंय म्हटल्यावर शेतकऱ्यानं कनवटीला हात घालणं, हे त्या भागात झालं. कुस्तीला तिथं अशी प्रतिष्ठा होती.

हेलसिंकीत 57 किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना पाणी पाजलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. जवळपास पंधरा मिनिटं झुंज चालली आणि खाशाबा एका गुणानं हरले. दमलेल्या अवस्थेतच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. कुस्ती गेली आणि पदक कांस्याचं झालं. तारीख 23 जुलै 1952. हॉकी संघानं त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि गाजावाजा बहुतेक त्याचाच झाला.

जाता जाता त्या दोघांविषयी. इशी हा मुळात ज्युदोचा खेळाडू. महायुद्धानंतर अमेरिकी अंमलात जपानमध्ये ज्युदोवर बंधनं आली, म्हणून तो कुस्तीकडं वळला आणि युद्धानंतरचं जपानचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण त्यानं आणलं. मम्मदबेयोव कॉकेशसच्या मुलखातला. त्या भागाबद्दलही जग असंच म्हणतं, की तिथल्या मातीतच कुस्ती आहे. पण सोव्हिएत संघ ऑलिम्पिकला उतरला तोच 1952 मध्ये, आणि उतरला तो सरकारी प्रशिक्षकांची फौज घेऊन. त्या गटात कांस्य घेणारा एकटाच असा होता ज्याच्या पाठीमागं सरकार नव्हतं.

परतल्यावर कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. खाशाबांनी मग कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशांतून खर्डेकरांचे सात हजार फेडून घर सोडवलं. पदकाइतकीच ही गोष्ट मोठी मानणारे लोक कराडकडं आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आता आपल्या बाजूला येऊ. 1952 साली पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांकडे होते. तिथला एखादा मल्ल तेव्हा हेलसिंकीला जाता तर कागदोपत्री पोर्तुगालचा म्हणूनच गेला असता! या दोन्ही महालांची बोलीभाषा, जत्रा, देवस्थानं, सोयरीक सगळी सावंतवाडी-दोडामार्गाशी जोडलेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अंमलाखाली गेले आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत तिकडेच राहिले. ज्या काळात शाहू महाराज तालमी बांधत होते, त्या काळात इकडं मल्लांना पदरी ठेवणारा असा कुणी नव्हता. इथल्या लोकांत लढण्याचं रक्त नाही म्हणावं, तर पेडण्याच्या केरीचे जिवबादादा बक्षी केरकर आठवावेत. महादजी शिंद्यांचे ते सेनानी, आणि 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्याच हाताखाली होती. पेडण्याच्या माणसाला पराक्रम करायला ग्वाल्हेरच्या चाकरीत जावं लागलं, एवढाच त्यातला अर्थ. भात-मासळीनं त्यांचं काही अडलं नाही. इशीचा देशही भात-मासळीवरच पोसलेला, हे विसरू नये.

उलटा पुरावाही हवा असेल तर तो खुद्द पश्चिम महाराष्ट्रात आहे. खाशाबांनंतर त्या मातीनं किती ऑलिम्पिक पदकविजेते मल्ल दिले? एकही नाही. गणपतराव आंदळकर, मारुती माने यांच्यासारखे थोर मल्ल झाले, मानेंनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदकंही आणली. पण ऑलिम्पिकचं पदक पुन्हा आलं नाही. माती तीच, खुराक तोच, मैदानं तर आणखी वाढली. जग मॅटवर गेलं आणि आपण जत्रेच्या इनामात रमलो. दिल्ली-हरियाणानं मॅट धरली आणि 2008 पासून पदकं तिकडं जाऊ लागली. महाराष्ट्राला ऑलिम्पिकमधलं पुढचं वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. 2024 मध्ये पॅरिसला ते मिळवलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं, आणि तेही नेमबाजीत. जिल्हा कोल्हापूरच, पण हातात रायफल.

खाशाबांचं पुढचं आयुष्य सांगायला फारसं सुखाचं नाही. 1955 मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळं 1956 चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर पेन्शनसाठी हेलपाटे घालावे लागले. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांना मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला, बाकी शासनदरबारी त्यांची फारशी आठवण कुणाला नव्हती. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते 58 वर्षांचे होते.

त्यानंतर सन्मान आले. आधी राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार, मग 2000 सालचा अर्जुन पुरस्कार. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गोळेश्वरातल्या त्यांच्या घराचं नाव ऑलिम्पिक निवास आहे.