श्रीमती हिराबाई बडोदेकर

वाशीमला आपल्या मंडळात भजनाला बसले, की पद किती लांबवावे यावरून वाद ठरलेला. अशा वेळी मला हिराबाई आठवतात.

त्यांचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. बंधू सुरेशबाबू व पुढे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. वहीद खाँ म्हणजे रागाचा एकेक स्वर सावकाश उलगडणारे. ही विद्या तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे मांडायची, आणि तीही बाईने! गाणारी बाई म्हटली की लोक नाक मुरडीत. हिराबाई पदर सावरून शांत बसत. हातवारे नाहीत, तोंड वेडेवाकडे नाही. त्यामुळे घरंदाज बायकांनाही त्यांच्या बैठकीला जाण्यात संकोच वाटेनासा झाला.

ख्याल त्या नेटका पण आटोपशीर गात, मग नाट्यपद किंवा भावगीत. कोणी म्हणेल, लोकांसाठी विद्या पातळ केली. मला नाही तसे वाटत. पदालाही त्या तोच सूर, तोच जीव लावीत. पदासाठी आलेला माणूस ख्यालही ऐकून जाई.

पुरुष लुगडे नेसून नायिका होत, त्या काळी त्यांनी 'सौभद्रा'त सुभद्रा केली. घरची नाटक मंडळी पुढे कर्जात बुडाली. ते कर्ज त्यांनी गावोगाव गाऊन फेडले.

१९७० साली पद्मभूषण मिळाले, १९८९ साली त्या गेल्या. त्यांच्या शिष्या प्रभाताई अत्रे जानेवारी २०२४ मध्ये वारल्या, त्या दिवशीही त्यांचे मुंबईत गाणे ठरलेले होते.